कॉलेजच्या तालमीत मुलींची वेळ

३ जानेवारी १९३८, सोमवार

हाकलून दिलं! चक्क हाकलून दिलं!

मी नि मथू कॉलेजच्या तालमीच्या दारात नुसत्या उभ्या होतो. उंबऱ्याच्या अलीकडे. आत तो शिसवी मल्लखांब तेलानं चकचकत होता, एक मुलगा डोकं खाली पाय वर करून त्यावर सरसर चढत होता, आणि माझ्या तोंडून "अय्या!" निघून गेलं. झालं! भाऊ वस्ताद आतून गरजले, "कोन हाय गं तितं? व्हा भाईर! तालीम हाय ही, पानवठा न्हवं!" मुलगा दचकला नि धप्पदिशी मातीत. आम्ही जे पळत सुटलो ते थेट मळवली स्टेशन. गाडी लोणावळ्याला लागेपर्यंत मथूला हसू आवरत नव्हतं नि मला राग.

पळाले कशाला मी? उभं राहायला हवं होतं.

तळेगावच्या कन्याशाळेच्या मोठ्या बाईंनी नाताळात स्पष्ट सांगितलंय. जूनपासून व्यायाम शिकवायला बाई हवी. लेझीम नि लाठी मला येते. "मल्लखांब शिकून ये, जागा तुझी." अण्णांनीही शब्द दिलाय. नोकरी लागली तर लग्नाचा विषय बंद. नाही लागली तर तळेगावचं स्थळ. म्हणजे काही झालं तरी तळेगावच, एक तर शाळा नाहीतर सासर. आणि आमच्या आसपास धड मल्लखांब एकच, तो त्या तालमीत, नि तालमीच्या दारात तो वाघ.

५ जाने.

प्रिन्सिपॉलसाहेबांकडे (पुढे नुसतं प्रि.साहेब) अर्ज दिला. मी, मथू नि चंपू, तिघींच्या सह्या. कॉलेजात मुली एवढ्याच. चौथी यायची होती, तिचं लग्न झालं.

प्रि.साहेबांनी चष्मा पुसला. "तत्त्वतः माझा विरोध नाही." यांचं सगळं तत्त्वतः असतं. तत्त्वतः आम्हांला दोन वर्षांपूर्वी बसायला खोलीसुद्धा मिळालीय, अजून दिसली मात्र नाही. "पण तालीम भाऊंची आहे, इंदूताई. कॉलेजच्या आधीची आहे ती."

कॉलेजच्या आधी कॉलेजची तालीम? म्हटलं, ते कसं? तर म्हणाले, "त्यांनाच विचारा." आणि हसले. मला पाठवून स्वतः सुटले, दुसरं काय.

८ जाने.

गेले. मथू कुंपणापाशी थांबली, "तू हो पुढे, मी आहेच" म्हणे. आहेच म्हणजे पळायला आहेच.

वस्ताद हौदातली लाल माती फावड्यानं वरखाली करत होते. उंच, वाळके, पांढऱ्या मिशा, कमरेला नुसता पंचा. मला बघून आधी बंडी चढवली, मग ओरडले. हे मला आवडलं.

मी म्हटलं, ओरडा पण ऐकून घ्या. ही तालीम कॉलेजच्या आधीची, खरं का? बस्स! राग कुठल्या कुठे. फावडं टाकून उंबऱ्यात बसले (मी बाहेर, ते आत) आणि सुरू. पंचवीस वर्षांमागं पुण्याहून चार मास्तर आले, म्हणाले, कॉलेज काढायचंय. "म्या म्हनलं, पोरं कशानं टिकतील? ह्या थंडीवाऱ्यात पुस्तक वाचून? आदी तालीम घाला. कॉलेजाला पाटी बी न्हवती तवा हितं जोर चालत व्हतं." मुलांनी रविवारी कार्ल्याच्या डोंगराखालून दगड वाहिले, माती डोक्यावरून आणली, ताक, हळद, तेल घालून मळली. मल्लखांब म्हणजे वस्तादांच्या बांधावरची शिसव. वडील नको म्हणत होते तरी तोडली. "बा दोन म्हयने बोलला न्हाई माझ्याशी." सांगताना डोळे असे लकाकत होते की मला वाटलं, आता हो म्हणतात.

तर म्हणे, "न्हाई."

का? तर कोनाड्यातला मारुती. ब्रह्मचारी देव, त्याच्यापुढे बायामाणसांनी उड्या मारायच्या नाहीत. मी विचारलं, मारुतीरायानं तुम्हांला सांगितलं का तसं? "त्येनं कशाला सांगाया पायजे? मला ठावं हाय." आणि वर, "पडलीस, हातपाय मोडला, तर लगीन कुनाच्या गळ्यात बांधायचं?"

लग्न, लग्न, लग्न! मेलं माझं लग्न हे साऱ्या मावळाचं काम झालंय.

१२ जाने.

कॉलेजच्या कमिटीत तालमीचा विषय निघाला. आम्ही बाहेर व्हरांड्यात, कान भिंतीला. संस्कृतचे प्रोफेसर म्हणाले, प्रश्न देवाच्या दृष्टीचा आहे, तर चार ते पाच मुलींची वेळ ठेवावी आणि तेवढा वेळ मारुतीपुढे पडदा ओढावा. सगळे म्हणाले, वा वा. वस्ताद म्हणाले, "मारुती पडद्यात? त्यो काय घोशातली बाई हाय?" पण एकटे पडले. ठराव झाला!!

मथूनं व्हरांड्यातच फुगडी घातली माझ्याबरोबर. शिपाई बघत राहिला. बघू दे.

खू. खू. (खूप खूष. माझं मला कळतं.)

१४ जाने., संक्रांत

काय लिहू नि कसं लिहू! हसून हसून पोट दुखतंय.

पडदा कुठून आणला असेल? नाटकमंडळाच्या कपाटातून. राजवाड्याची बाग, कारंजं, मोर, आणि मध्ये झोपाळ्यावर एक गुबगुबीत राणी, पदर ढळलेला. प्रि.साहेब म्हणाले, चित्र मुलींसमोर नको, बरं दिसत नाही, पडदा उलटा लावा. लावला उलटा! म्हणजे आमच्याकडे कोरं कापड आणि राणी थेट मारुतीच्या नाकापुढे. ज्या देवानं बाईमाणूस बघू नये म्हणून हा खटाटोप, त्याला हातभर अंतरावर झोपाळ्यावरची राणी! आणि हे कमिटीतल्या एकाही विद्वानाच्या ध्यानात आलं नाही.

वस्ताद फुलं वाहायला पडद्यामागे गेले.  मग आख्खी तालीम हादरली. "आरं हे काय केलंत रं! आरं ह्या पोरी तरी लुगडं घट नेसून आल्यात!" ओढून काढला पडदा, बांबूसकट. प्रि.साहेब "तत्त्वतः, तत्त्वतः" करत मागे सरताहेत.

आता सगळं बुडालं असं वाटलं. मी तिळगुळाची वाटी घेऊन उभी. वस्तादांनी माझ्याकडे बघितलं, मारुतीकडे बघितलं. मग मान हलवून म्हणाले, "पडदा नगं. त्यो देव हाय, त्येला काय बगायचं ते बगू द्या. मानूस म्या हाय. म्या बगनार न्हाई. पायरीवर पाठ करून बसंन, तितनं शिकवीन."

पाठ करून मल्लखांब शिकवणार! कोणी ऐकलंय का असं कधी? पण नाही नव्हे, हो म्हणाले. मी तिळगूळ पुढे केला, गोड बोला म्हटलं. "गोड बोलाया म्या काय हलवाई हाय?" म्हणाले, पण घेतला.

१७ जाने.

पहिला दिवस. मल्लखांबाला बोटही लावू दिलं नाही. "आदी माती." कपाळाला लावायची, मग खणायची. ते बाहेर पायरीवर, तोंड विसापूरच्या डोंगराकडे. आम्ही आत फावडी घेऊन. चंपूनं जरा टंगळमंगळ केली तर बाहेरून, "ती तिसरी उबी हाय का? फावडं दोनच वाजत्यात." चंपू पांढरीफटक.

हाताला फोड. आईनं हळद लावली, काही बोलली नाही. अण्णांनी वर्तमानपत्राआडून विचारलं, "माती खणून पगार मिळतो वाटतं तुमच्या शाळेत?"

२५ जाने.

आजची फजिती. मल्लखांबाला एरंडेल चोळतात. मथूला एरंडेलाचा वास सोसवत नाही, तिनं येताना आपल्या वेणीचं खोबरेल आणलं. चोळलं छान. मी धावत जाऊन उडी घेतली नि अशी सर्रकन खाली आले की हौदात बसकण. तेवढ्यात पायरीवरून, "कसला वास ह्यो? खोबरेल? मल्लखांब हाय त्यो का तुमची येनी?" मग राखेनं पुसा, पुन्हा एरंडेल चोळा. सगळी वेळ त्यात गेली. मथूला म्हटलं, उद्या वेणीला एरंडेल लावून ये.

३ फेब्रु.

अढी बसली!!! पायांची अढी घालून उलटी लटकले, हात सोडले, आणि राहिले! खरंच राहिले! मारुती उलटा, खिडकी उलटी, मथूचं उघडं तोंड उलटं. रक्त सगळं डोक्यात. बाहेरून फक्त, "हं. बास आता, उतर." त्या "हं" साठी महिनाभर माती खणली असती.

मांड्यांची सालटं निघालीत. बसताना आई गं होतं. खू. खू. खू.

९ फेब्रु.

त्यांना सगळं ऐकू येतं. पकड ढिली झाली तर, दम कोंडला तर, उडीआधी पाय घुटमळला तर. मी विचारलं, कसं हो कळतं? म्हणाले, "पंचवीस वर्सं हितंच बसलोय. आता कान लावला की दिसतं." आणि मग स्वतःच, "लय न्हाई दिसत. थोडं."

१७ फेब्रु.

पडले. मनगटावर पडले. दसरंगाच्या उलट्या उडीला हात सुटला. "आई गं" म्हणून ओरडले नि तो म्हातारा वळलासुद्धा नाही! पायरीवर तसाच, तोंड डोंगराकडे. "मथे, मनगाट बग तिचं. बोटं हलत्यात का?" मथे बग! मी मेले असते तरी पाठच दिसली असती मला. उठले, फावडं आपटलं, मोठ्यानं म्हटलं, "असला वस्ताद नको मला!" आणि चालू लागले.

हाड नाही मोडलं. सूज आहे. डाव्या हातानं लिहिता येत असतं तर आज आणखी लिहिलं असतं.

२१ फेब्रु.

नाही गेले. नाहीच जाणार.

२२ फेब्रु.

मथू आली घरी. म्हणाली, तू पडलीस तेव्हा मी पाणी आणायला बाहेर धावले, तेव्हा त्यांना समोरून बघितलं. पायरीच्या दगडाला दोन्ही हातांनी धरून बसले होते. वळू नये म्हणून. तू गेल्यावर बराच वेळ उठता येईना त्यांना.

खरं असेल का? मथू उगाच रंगवते कधीकधी.

२३ फेब्रु.

गेले. माफीबिफी मागितली नाही. त्यांनीही काही नाही. फक्त म्हणाले, "हाड मोडल्याचा आवाज येगळा असतो. त्यो आला असता तर वळलो असतो."

दसरंग जमला. पहिल्याच उडीला!

५ मार्च

दोन बातम्या, एक आकाशात नेणारी, एक खाली आपटणारी.

हनुमान जयंतीला तालमीत दरवर्षी लोकांसमोर मल्लखांबाची कामं होतात. सगळी गावं लोटतात, पुण्याहून जुने विद्यार्थी येतात. तळेगावच्या मोठ्या बाई येणार, मला बघायला! प्रि.साहेबांनी तत्त्वतः नव्हे, खरोखर परवानगी दिलीय.

आणि वस्ताद म्हणाले, "कर काम. पर माझं नाव घ्यायचं न्हाई."

आमच्या तालमीची रीत अशी की चढण्याआधी विचारतात, कुणाचा? मुलगा म्हणतो, भाऊ वस्तादांचा, नि मग हात लावतो. बिननावाचा पठ्ठा म्हणजे बिनबापाचं पोर, हे त्यांचंच बोलणं, मी शंभरदा ऐकलंय. मग मी काय म्हणू? कुणाची नाही? विचारलं तसं. पाठच बोलली, "म्या तुला खांबावर बघितलंच न्हाई पोरी. न बघितलेली कशी म्हनू माझी?"

शब्द दिला मी, नाव घेणार नाही म्हणून. द्यावाच लागला. पण घरी येऊन रडले. लिहायला लाज वाटते, पण रडले.

२० मार्च, रविवार

तळेगावचं स्थळ बघायला आलं. मी आनंदात होते! म्हटलं, हे हात बघतील नि पळतील. घट्टे पडलेत, सालटं निघालीत, नखांत माती. मुद्दाम हात पुढे करून पोहे दिले.

मुलाच्या आईनं हात धरला, उलटा केला, सुलटा केला. आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अगं बाई, किती कामाची आहे हो पोर! आजकाल कुठे मुली अशा धुणी-भांडी करतात?"

कर्म माझं! पसंत! तिथल्या तिथे पसंत! मुलगा आपला पोह्यांतली मिरची बाजूला काढत होता. वाईट नाही दिसायला, पण मिरची बाजूला काढतो. आई आत येऊन पदर तोंडाला लावून हसत होती की रडत, कळलं नाही. अण्णांनी कळवतो म्हणून सांगितलंय.

७ एप्रिल

परीक्षा संपली. आता फक्त मल्लखांब. मथू नि चंपू दोरावरच्या मल्लखांबाचं काम करणार, खांबावर मी एकटी. बोंडावर उभं राहायचंय, अगदी टोकावर, हात जोडून. दहादा चढले, सातदा पडले. वस्ताद बाहेरून, "घाई कुनाची हाय तुला? गाडी चुकतीया व्हय?"

१३ एप्रिल, बुधवार

पुण्याहून वकीलसाहेब आलेत, जुन्या विद्यार्थ्यांचे पुढारी. याच हौदात तयार झालेले, वस्तादांचे सगळ्यांत लाडके. पाया पडले त्यांच्या, मिठी मारली. मग उद्याच्या कामांत माझं नाव कळलं.

तालमीच्या मागे आम्ही दोर ताणत होतो, आतलं ऐकू येत होतं. "भाऊ, या तालमीत आजवर बाई शिरली नाही. तुम्हीच आम्हांला शिकवलंत. उद्या ती मुलगी चढली तर आम्ही उठून जाऊ."   मी वाट बघत राहिले की वस्ताद आता बोलतील, आता बोलतील. नाही बोलले.

मथू म्हणते नको करूस. चंपूला ताप आलाय (खरा की भीतीचा, देव जाणे). पण उद्या नाही चढले तर मोठ्या बाई काय बघणार? पोहे?

चढणार. भीती वाटते. चढणार.

१४ एप्रिल, हनुमान जयंती

अक्षर बघ कसं येतंय. सगळं लिहिणार. काही विसरायच्या आत.

सूर्य उगवताना जन्म झाला, सुंठवडा वाटला. तालीम गच्च. खिडक्यांतून माणसं, बाहेर बाया झाडाखाली. कार्ल्याची, मळवलीची, कुठली कुठली. हलगी घुमतेय. मुलांची कामं झाली, एकेक नाव घेऊन, भाऊ वस्तादांचा, भाऊ वस्तादांचा. मोठ्या बाई पहिल्या ओळीत खुर्चीवर. अण्णा मागे खांबाला टेकून, आई बाहेर खिडकीशी.

माझं नाव पुकारलं. वस्ताद सवयीनं पाठ करून बसले, दाराकडे तोंड. कोपर्‍यातून हसण्याचा आवाज आला.

मी माती कपाळाला लावली नि उभी राहिले. वकीलसाहेब उठले. आवाज असा की हलगीसुद्धा थांबली. "रीतीप्रमाणे विचारतो. कुणाची? वस्ताद कोण तुझा?"

मी गप्प. नाव अगदी दातांशी आलेलं. शब्द दिला होता ना.   "बोल की! वस्तादाशिवाय या खांबाला हात लावता येत नाही. आणि आजवर या तालमीत बाई..."

"शिरलीया."

वस्ताद उभे राहिले होते. आणि वळले. पहिल्यांदा वळले! माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून बोलले. "मानमोडीचा ताप आला त्या सालात तू न्हवतास हितं. पोरं धडाधड पडली. घरला न्हेयाला बी कुनी आलं न्हाई. ह्या हौदावर आंथरुनं घातली व्हती. कोन करत व्हतं त्येंचं? माझी बायकू. पेज पाजली, वकाऱ्या काडल्या, आन त्या कोनाड्याखाली पडली ती उटली न्हाई. हितंच ग्येली. तवा मारुतीनं डोळं झाकलं न्हवतं. झाकलं ते म्या. वीस वर्सं तोंडानं सांगत आलो, बाई शिरली न्हाई म्हनून. तिचं नावच घेववत न्हवतं मला."

 मग माझ्याकडे वळले. बघितलं मला, नीट, वरपासून खालपर्यंत, जणू कोण आहे ही, एवढीशी? आणि म्हणाले, "माझी हाय. चड गं."

चढले! अढी, दसरंग, सगळं कसं झालं आठवत नाही. वर बोंडाशी पाय सटकला, खालून सगळे "हाऽऽ" आणि त्यांचा आवाज, "दम धर! म्या बगतोय, दम धर!" धरला दम. उभी राहिले. टोकावर, हात जोडून. खिडकीतून आई दिसली. दोन्ही हात तोंडावर.

वकीलसाहेब नि त्यांच्याबरोबरचे उठून गेले. बाकी कुणी हललं नाही. कार्ल्याचे बाप्ये फेटे उडवत होते, "आरं व्वा रं पोरी!" बाया तर आत शिरल्याच, कुणी अडवायचं? एका म्हाताऱ्या मावशीनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "तिचा त्वांडावळा न्हाई, पर धीर तसाच हाय बाई." कुणाचा ते मला कळलं.

खू. खू. किती खू. लिहू?

१५ एप्रिल

खाली या, इंदूताई.

वकीलसाहेबांनी प्रि.साहेबांना सांगितलंय, मुलींची वेळ बंद, नाहीतर तालमीची किल्ली वस्तादांकडून काढून घ्या. प्रि.साहेबांनी विचार करतो म्हटलं. मोठ्या बाई जाताना हात दाबून म्हणाल्या, "काम उत्तम झालं गं. पण मुलीवरून एवढा गाजावाजा झाला की आमची मंडळी बिचकतात. बघू." बघू! चार महिने मरमर केली ती या बघूसाठी?

आणि तळेगावच्या लोकांचा निरोप. त्यांना सगळं कळलं. तरी पसंत आहे, पण मल्लखांब बंद आणि वैशाखात लग्न. हातांबद्दल काही बोलले का विचारलं मी. अण्णा हसले नाहीत. रविवारी उत्तर द्यायचंय. नोकरी तर लागली नाही, म्हणजे अण्णांचा शब्द त्यांच्या बाजूनं पुरा झाला. त्यांचं काही चुकत नाही, हाच तर राग.

१७ एप्रिल, रविवार

आत्ता, आत्ता लिहितेय, मागच्या पडवीत बसून. बाहेरच्या खोलीत वस्ताद आलेत! मळवलीहून आमच्या घरी! इस्त्रीची बंडी, पांढरा फेटा, खुर्ची दिली तरी आधी उभेच.

अर्धवट ऐकू येतंय. प्रि.साहेबांनी किल्ली त्यांच्याकडेच ठेवलीय. चार ते पाचची वेळही राहणार, असं म्हणताहेत. कार्ल्याच्या तीन पोरी शिकायला यायचं म्हणताहेत. "पर त्यांना सामोरी उबी राहून शिकवनारी पायजे. म्या काय जलमभर पाठमोरा बसू?" जूनपासून मला घेणार! तालमीत! पगार काय, किती दिवस, वकीलसाहेब टिकू देतील का, अण्णा एकेक विचारताहेत, आणि वस्ताद प्रत्येकाला, "ठावं न्हाई."

अण्णांचा आवाज चढला. "भाऊ, तुमच्या ठावं न्हाईवर मी पोरीचं आयुष्य टाकू? तिकडे घर आहे, माणसं आहेत, मुलगा सालस आहे. आज संध्याकाळी उत्तर द्यायचंय मला. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

 मग वस्ताद, हळू, "तिला इचारलंत का?"

अण्णांची खुर्ची करकरली.

आई आत आली. चहाचे कप तसेच भरलेले तिच्या हातात. म्हणाली, "ऊठ, बाहेर बोलावताहेत. तुला विचारायचंय म्हणे."  म्हटलं, काय सांगू गं? कप खाली ठेवले, माझा पदर सारखा केला. "ते मी कसं सांगू? मला कुणी विचारलं नव्हतं."

हाक आली. जाते.